शेवटच्या चेंडूचे काकाजी

काकाजी मला आवडत नसत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्यांचा विषय निघाला की आमच्या क्लबातली जुनी माणसं हळवी होतात आणि मग माझ्याकडे वळून म्हणतात, "डॉक्टर, तुमचे तर ते खास होते ना?" खास तर होतेच. ज्या माणसावर आपण नऊ वर्षं जळतो तो घरच्यांपेक्षा जवळचा होऊन बसतो. माझा सख्खा भाऊ चालताना कुठल्या पायावर जास्त भार देतो ते मला सांगता येणार नाही. काकाजींचं सांगता येईल. डाव्या.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात सदरमध्ये आमचा एक जुना क्लब होता. इंग्रज जाताना तिथे स्नूकरची दोन टेबलं सोडून गेले होते आणि संध्याकाळी आम्ही वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी त्या टेबलांभोवती साहेब होऊन फिरत असू. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच: हिरवं कापड लावलेलं लांबलचक टेबल, हातात निमुळती काठी, आणि पांढऱ्या चेंडूने रंगीत चेंडूंना ठोकरून कडेच्या जाळ्यांत घालायचं. सगळे गेले की शेवटी एक काळा उरतो. सात गुणांचा. सामना अटीतटीचा असला तर दोन तासांची सगळी मेहनत त्या एका काळ्यापाशी येऊन थांबते. जो काळा घालील तो जिंकला. माझं घोडं नेमकं तिथेच पेंड खायचं. काकाजींचं तिथे चौखूर सुटायचं.

काकाजी मूळचे उमरेडचे. हातमागाच्या लुगड्यांचा व्यापार, गांधीबागेत दुकान. आता असा माणूस आमच्या क्लबात कसा शिरला, तर टेबलाचं कापड फाटलं म्हणून. आमच्या सेक्रेटरींना वाटलं, कापडच आहे ना, बोलवा एखादा कापडवाला. काकाजी आले. धोतर, काळी टोपी, कानात अत्तराचा फाया. टेबलावरून त्यांनी तळहात फिरवला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, आणि म्हणाले, "याले लव आहे जी. इकडून गोंजारलं तर खुश. उलटा हात फिरवला का रुसते. चेंडू बी रुसत असंल."

चेंडू रुसतोच. हळू मारलेला चेंडू त्या लवेमुळे वाकडा जातो, हे मला कलकत्त्याहून मागवलेल्या पुस्तकातून सहा महिन्यांनी कळलं होतं. या गृहस्थांना ते अर्ध्या मिनिटात तळहाताला कळलं. त्याच दिवशी माझ्या पोटात दुखायला लागलं असावं. त्यांनी कापड तर बसवून दिलंच, वर "पाहू बरं" म्हणून काठी हातात घेतली आणि तेव्हापासून सोडली नाही. चाळिशी उलटलेला माणूस. दोन वर्षांत सगळ्या क्लबाला हरवायला लागला. वयाने मोठे असलेले न्यायाधीशसुद्धा त्यांना काकाजी म्हणू लागले.

टेबलापाशी धोतर चालणार नाही, असा क्लबाचा नियम होता. काकाजींनी त्यावर वाद घातला नाही. कुणाच्या तरी मापाची एक खाकी पँट आणून त्यांनी मार्करच्या खोलीतल्या खिळ्याला टांगून ठेवली. मार्कर म्हणजे टेबलं सांभाळणारा आणि गुण मांडणारा आमचा नोकर. रोज सायकलवरून धोतरात यायचे, आत जाऊन ती पँट चढवायचे. ती घोट्याच्या वर चार बोटं संपे. टोपी डोक्यावर तशीच, फक्त टेबलावर वाकताना मागे फिरवलेली. सेक्रेटरींनी एकदा पँटच्या लांबीबद्दल टोकलं, तर म्हणाले, "नियम पँटचा आहे ना जी? उंचीचा कुठं लिहून आहे?"

हॉलच्या भिंतीवर एक सागवानी फळा होता. दर वर्षीच्या विजेत्याचं नाव त्यावर सोनेरी अक्षरांत रंगवलं जाई. काकाजींचं नाव चारदा होतं. माझं एकदाही नव्हतं. एवढीशी गोष्ट, पण दवाखान्यात पेशंटची जीभ पाहताना मला तो फळा दिसे. मी त्यांच्यापेक्षा चांगला खेळत असे, हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणत. मधला सगळा डाव माझा असायचा. लोक दाद माझ्या फटक्यांना द्यायचे. आणि मग काळा यायचा.

काळा आला की मी सगळं बंद करायला लावी. बोलणं बंद, सुपारी कातरणं बंद, मार्करचं खडू घासणं बंद. मे महिन्यात, जेव्हा नागपुरात भिंतीला हात लावला तर चटका बसतो, तेव्हा मी हॉलमधले दोन्ही कूलरही बंद करायला लावी, कारण त्यांच्या घरघरीने माझं लक्ष ढळे. माझा काळा आला की लोक आपसूक खिशातून रुमाल काढत. घाम पुसत, श्वास धरून साठ माणसं माझ्याकडे पाहत आणि मी चुकत असे.

काकाजींचं उलट. त्यांचा काळा आला आणि लोक शिष्टाचार म्हणून गप्प झाले, की ते वाकलेले सरळ होत आणि म्हणत, "काहून चुप बसले गा? कोणाची मयत आहे का? बोला ना." मग कुणीतरी नाइलाजाने बोलायला लागे. संत्र्याचा भाव, कुणाच्या मुलीचं स्थळ, अजनीच्या पुलावरचा अपघात. काकाजी मध्येच प्रश्न विचारत, "मंग पोरगा काय करते?" आणि उत्तर चालू असतानाच फटका मारत. काळा जाळीत. लोक हसत, टाळ्या वाजवत. मला ती निव्वळ मिजास वाटे. बघा, मला काही फरक पडत नाही, मी लग्नाच्या गप्पा मारत जिंकतो. मी कोपऱ्यात काठी पुसत उभा राही आणि या माणसाला देवाने काळीजच दिलेलं नाही असं स्वतःला समजावी. त्यात मला थोडं समाधान होतं. आपण हळवे, म्हणून चुकतो. ते दगड, म्हणून चुकत नाहीत.

एकदा मीही तो प्रयोग करून पाहिला. काळ्यावर वाकलो आणि म्हणालो, "बोला हो, बोला." लोकांना वाटलं मी रागावलोय. कुणी बोलेना. शेवटी एक वकील म्हणाले, "डॉक्टर, माझ्या गुडघ्याचं काय करायचं?" मी गुडघ्याचा विचार करू लागलो आणि पांढराच जाळीत घातला.

मग बायकोला लुगडं घ्यायचं निमित्त करून मी त्यांच्या दुकानात गेलो. खरं म्हणजे मला त्यांना त्यांच्या जागेवर बसलेलं पाहायचं होतं. गांधीबागेतली ती गल्ली म्हणजे कानांवर दगडफेक. हमाल ओरडताहेत, गाठोडी आपटताहेत, समोरच्या दुकानात कुणी बोली लावतंय. दुकानात एक म्हातारी, तिची सून आणि तिच्या दोन नणंदा एकाच लुगड्यावर चार मतं देत होत्या. काकाजी पांढऱ्या गादीवर मांडी घालून त्या चौघींशी आणि वर आमच्याशीही एकाच वेळी बोलत होते.

"वहिनी, डॉक्टर माह्यापेक्षा लय चांगले खेळतात," ते बायकोला म्हणाले. "फक्त काळा आला का यायले देऊळ आठवते. सारे चुप."

"तुमच्या दुकानात तर कुणी गप्प बसतच नाही," बायको हसून म्हणाली.

"चुप बसलं का मले आपलंच ऐकू येते जी," काकाजी म्हणाले आणि पुढचं लुगडं उलगडायला लागले.

मी ते वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं. घरी जाताना स्कूटरवर मागे बसलेली बायको म्हणाली, "किती निवांत माणूस आहे हो. तुम्ही इंजेक्शन देतानासुद्धा दातओठ खाता. शिका जरा त्यांच्याकडून." पुढच्या चौकापर्यंत मी विनाकारण हॉर्न वाजवत राहिलो. तिने घेतलेलं ते लुगडं चांगलं वीस वर्षं टिकलं आणि ती ते नेसली की मला अजून त्यांचाच राग येई.

आता मी जे केलं ते सांगतो. त्या वर्षी मी क्लबाच्या समितीवर निवडून आलो होतो. वार्षिक सभेत मी एक ठराव मांडला: अंतिम सामन्यात प्रेक्षकांनी बोलू नये, निर्णायक चेंडूच्या वेळी हॉलमध्ये पूर्ण शांतता असावी, जो बोलेल त्याला बाहेर काढावं. मोठमोठ्या क्लबांत असंच असतं, असं मी म्हणालो. तसं असतंही. ठरावात एक अक्षर चुकीचं नव्हतं. पण मी तो कशासाठी मांडतोय ते मला ठाऊक होतं आणि मला वाटतं खोलीतल्या आणखी एका माणसाला.

सेक्रेटरींनी विचारलं, "काकाजी, तुमचं काय म्हणणं?"

काकाजी टोपी काढून तिची घडी घालत होते. ती त्यांनी उलगडली, पुन्हा घातली. म्हणाले, "बरोबर आहे जी. साऱ्याइले चालत असंल तर मी कोण नाही म्हणणारा." ठराव एकमताने पास झाला.

अंतिम सामन्यात आम्ही दोघंच आलो. दुसरं कोण येणार होतं? एप्रिलमधला रविवार, सकाळचे अकरा. पंच म्हणून एक निवृत्त कर्नल. पाच डावांचा सामना, त्यात दोन त्यांचे, दोन माझे. पाचव्या डावाअखेर टेबलावर पांढरा आणि काळा उरला तेव्हा मी पाच गुणांनी पुढे होतो. म्हणजे काळा मी घातला तर मी जिंकणार, त्यांनी घातला तर ते.

पाळी माझी होती. कूलर बंद होते, नियमानेच. मी वाकलो. बोटं थंड पडली, काठीचं टोक हललं, आणि काळा जाळीच्या तोंडाशी जाऊन दोन्ही ओठांना लागून परत फिरला. कोपऱ्यापासून हातभर अंतरावर थांबला. असा चेंडू काकाजी रोज दहा वेळा घालत. मी खुर्चीवर जाऊन बसलो आणि फळ्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करू लागलो.

काकाजींनी टोपी मागे फिरवली. वाकले. सरळ झाले. पुन्हा वाकले, पुन्हा सरळ झाले. त्यांनी सभोवार पाहिलं. सगळी माणसं खाली मान घालून बसलेली. काकाजींनी तोंड उघडलं, पंचांकडे पाहिलं आणि मिटलं. मग काठी टेबलाच्या कडेला टेकवली आणि म्हणाले, "पंचसाहेब, बरं वाटून नाही राहिलं. डॉक्टरले नाडी दाखवतो."

कर्नलसाहेबांनी मान हलवली. काकाजी माझ्या खुर्चीपाशी आले, वाकले आणि हात पुढे केला. मला वाटलं, ही नवी मिजास. मी मनगट धरलं.

तळहात ओला होता आणि गार. नाडी अशी पळत होती की पहिल्यांदा मला मोजताच येईना. अशी नाडी मी तापाने फणफणलेल्या माणसांची पाहिली होती. नऊ वर्षं मी ज्याला दगड म्हणत आलो होतो तो माणूस माझ्या हातात पानासारखा हलत होता.

"दर खेपेस अशीच असते," ते अगदी हळू म्हणाले. "लय भेव वाटते डॉक्टर. तोंडात थुका राहत नाही. छातीत धाडधाड होते, ते कानात येते, मंग हात चालत नाही. लोकं बोलले का ते ऐकू नाही येत. म्हणून बोलाले लावतो." मग आणखी वाकून म्हणाले, "डॉक्टरले पेशंटशी बोलाले तर मनाई नाही ना? तुम्ही बोला. काही बी. मोठ्यानं बोला जरा, मी टेबलापाशी जातपर्यंत."

त्या माणसाने पँटसारखीच इथेही वाट काढली होती. नियम प्रेक्षकांना होता. डॉक्टरला नव्हता. मी नुसतं म्हणायचं होतं, 'घाबरू नका काकाजी, दीर्घ श्वास घ्या, जेवलात का सकाळी, काय खाल्लं.' दवाखान्यात मी ही वाक्यं दिवसातून पन्नास माणसांना म्हणत असे. म्हातारीकोतारी, पोरंसोरं, दारू पिऊन आलेलीसुद्धा. कुणालाही.

मी घड्याळाकडे पाहिलं. नाडी मोजताना डॉक्टर बोलत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी पूर्ण एक मिनिट मोजली. मग हात सोडला, मान हलवून टेबलाकडे बोट दाखवलं. काकाजी क्षणभर तसेच वाकून राहिले. त्यांना वाटलं मी आता बोलेन. मग ते गेले.

त्यांचा फटका मी पाहिला नाही, ऐकला. इतक्या शांततेत तो फार मोठा ऐकू आला. काळा कडेवर आदळला, टेबलभर फिरला आणि मधल्या जाळीसमोर येऊन थांबला. मी उठलो, वाकलो आणि घातला.

टाळ्या खूप वाजल्या. सगळ्यांत आधी काकाजींनीच हात मिळवला. तो अजून ओला होता. कर्नलसाहेबांना ते म्हणाले, "आज डॉक्टर नंबरी खेळले." मला कुणीतरी खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला, पण मी जड असल्यामुळे तो फसला.

मी बाहेर व्हरांड्यात आलो तेव्हा काकाजी धोतर नेसून सायकलचं कुलूप काढत होते. मला पाहून थांबले.

"डॉक्टर, एक विचारू? काहून नाही बोलले?"

त्यात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर सोपं गेलं असतं. "नियम होता काकाजी," मी म्हणालो.

"नियम डॉक्टरले नव्हता जी." मग त्यांनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "समजलं मले. तुमचाही थुका वाळला असंल. भेलेल्या माणसाले बोलणं सुचत नाही. मले सवय झाली आता, तुमाले नाही. असंच ना?"

मी "हो" म्हणालो.

"होते तसं," ते म्हणाले. माझ्या दंडावर थोपटून सायकलवर बसले आणि माउंट रोडने निघून गेले.

फळ्यावर माझं नाव लागलं. पेंटर आला त्या दिवशी बायको पेढे घेऊन आली होती. काकाजींनी दोन खाल्ले. पुढे तीन वर्षं ते खेळले, दोनदा अंतिम सामन्यापर्यंत आले आणि दोन्हीदा काळ्यावर हरले, एकदा माझ्याशी, एकदा एका वकिलाशी. माझा ठराव तसाच होता. तो रद्द करा असं म्हणायला मला प्रत्येक सभेत संधी होती. मी म्हटलं नाही. मग त्यांचे गुडघे गेले, मग डोळे, मग ते उमरेडला मुलाकडे गेले आणि तिथेच वारले.

आणि मी भ्यालो होतो, असं समजूनच वारले. त्यांनी ते निमित्त मला आपणहून दिलं होतं, मी ते घेतलं. पण त्यांचा काळा चुकल्यावर खुर्चीतून उठताना मी सवयीने माझं स्वतःचं मनगट धरलं होतं. बहात्तर. नऊ वर्षांत काळ्या चेंडूपुढे माझी नाडी कधी इतकी शांत नव्हती. बोटं कोरडी होती, काठी सरळ होती. ज्या निवांतपणासाठी मी काकाजींवर जळत आलो तो त्यांच्याजवळ एक दिवसही नव्हता. तो त्या दिवशी माझ्याजवळ होता आणि कशामुळे आला होता ते मला ठाऊक आहे: भ्यालेल्या माणसाशी मुद्दाम न बोलल्यामुळे. लोकांना वाटतं मी आता त्यांच्यावर जळत नाही. मी जळतो. त्यांच्या त्या धावणाऱ्या नाडीवर जळतो.